आप्पांची बाजू

गायकवाड आप्पा गेल्याची बातमी मला मोबाईलवर इंग्रजीतून आली, आणि मी ती खरी मानली नाही. आमच्या रविवारच्या चर्चामंडळाच्या ग्रुपवर सकाळी संतोषचा मेसेज होता. चार ओळी, एकही चूक नाही, स्वल्पविराम जिथल्या तिथे. किकवीचा संतोष ड्रोननं पिकांवर औषध फवारून देतो. त्याचं इंग्रजी मला ठाऊक आहे, त्यात क्रियापद कुठेही उगवतं. याचा मोबाईल कुणीतरी हॅक केलाय, असंच मला वाटलं. खात्री करायला मी थेट आप्पांनाच फोन लावला... उचलला त्यांच्या पत्नीनं, शकुंतलाकाकूंनी. "व्हय गं, खरं हाय. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली," एवढंच त्या म्हणाल्या. नंतर मी संतोषला झापलं, तर तो म्हणाला, "ताई, काय लिहावं सुचतच न्हवतं. मोबाईलातल्या एआय मशीनला म्हटलं, तूच लिही."

आप्पा कामथडीचे. टेलिफोन खात्यात नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी गावच्या बुद्धविहारात दर रविवारी दहा वाजता हे मंडळ सुरू केलं. विषय नव्या तंत्रज्ञानाचे, बोलायचं इंग्रजीतून, चुकलं तरी चालेल. कुठली बाजू मांडायची ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. माझं विंझरला ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. कुणाकडून तरी ऐकून मी गेले, ती संशय घेऊनच. फुकट शिकवणारा माणूस शेवटी काहीतरी विकतोच, मग ते क्लास असोत नाहीतर विमा. मी कितीतरी रविवार वाट पाहिली, त्यांनी काही विकलं नाही. शेवटी विचारलंच, "आप्पा, इंग्रजीच का?" ते म्हणाले, "ही समदी यंत्रं आपली कबुली इंग्रजीत घेत्यात. 'आय ॲग्री'वर बोट दाबून मोकळे होतो आपण. कशाला व्हय म्हटलं, ते तरी कळाय नको?" दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या वतीनं ते बटण मीच दाबत होते.

संशय हा त्यांचा स्वभावच होता. कुणी आकडा सांगितला की 'हाऊ डू यू नो?' आणि कुणी व्हिडिओ दाखवला की 'हू मेड इट?' या प्रश्नांनी आम्ही घडलो, यात शंका नाही. पण एकदा तो संशय माझ्यावर आला. अंगठ्याच्या मशीनवर बोलायचं होतं. वेल्ह्याकडच्या एका आजींचा अंगठा भातलावणी करून करून असा गुळगुळीत झाला होता की मशीन त्यांना ओळखतच नव्हतं. माझ्या दुकानातल्या तिसऱ्या खेपेला त्या मला म्हणाल्या होत्या, "पोरी, म्या मीच हाय, एवढं त्याला सांग की." ते मी लिहिलं. अकरा दिवस डिक्शनरी घेऊन बसले, पाठ केलं, न अडखळता बोलले. टाळ्या पडल्या. आप्पांनी मात्र टाळी वाजवली नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "हे तुमचं न्हाई. मोबाईलातल्या एआय मशीननं लिहून दिलंय. लई गुळगुळीत हाय." बोलायला इंग्रजी सुचेना, आणि मराठीत बोलले असते तर रडले असते. पिशवी उचलली आणि नसरापूर फाट्यापर्यंत चालत गेले.

पाच-सहा महिने मी गेले नाही. मग एक दिवस दुपारी आप्पा एसटीनं विंझरला आले. दुकानात फॉर्मवाल्यांची रांग होती, तीत उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "आय वॉज राँग." मी स्क्रीनवरून नजर उचलली नाही. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मराठीत जास्त जड जातंय... चुकलो म्या. सुनेच्या मोबाईलवर तोच विषय मशीनला दिला. एकदा न्हाई, चारदा. त्याला समदं ठाऊक व्हतं. ती म्हातारी तेवढी ठाऊक न्हवती." मागचा माणूस म्हणाला, "आवरा की आजोबा." ते बाजूला झाले.

मी पुन्हा जायला लागले. पण खरं सांगायचं तर मन साफ झालं नव्हतं. मंडळात माणसं कमी झाली म्हणून आले असतील, असंही वाटायचं. पुढे त्यांनी कौतुक केलं की मी त्यामागचं कारण शोधत बसायचे. त्यांनी शिकवलेला संशय मी त्यांच्यावरच वापरत राहिले... ते गेले त्या दिवसापर्यंत.

महिन्याभरानं आम्ही पुन्हा जमलो. आप्पा गेल्यानं राहिलेला विषय होता, 'यंत्र माणसापेक्षा चांगलं शिकवतं', आणि चिठ्ठीत आप्पांना यंत्राची बाजू आली होती. काकू आजवर कधी विहारातल्या चर्चेला आल्या नव्हत्या, त्या दिवशी आल्या. आप्पांनी तयार केलेल्या भाषणाचे कागद त्यांनी माझ्या हातात दिले. मी उभी राहून वाचायला लागले. पहिल्या पानावर नेहमीचे मुद्दे होते. दुसऱ्या पानावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'यंत्र कधी भर सभेत विद्यार्थिनीला खोटं पाडत नाही. मी पाडलं. तिनं मला माफ केलं की नाही, मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमत नाही.' ही ओळ तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेली होती. पुढचं मला वाचवेना. संतोषनं कागद घेऊन उरलेलं पूर्ण केलं.

आता विरुद्ध, म्हणजे माणसाच्या बाजूनं बोलायची पाळी होती. कुणी उठेना. गेलेल्या माणसाला खोडून कसं काढायचं? शेवटी काकूच बोलल्या.

"गप का बसलाय समदे? बोला की त्यांच्या इरुद्ध. घरात रोज म्या एकटीच बोलत व्हते."

मी उठले.