फाळक्याला लटकणारा माणूस

सेलूच्या कापूस बाजाराबाहेर आमच्या ट्रॅक्टरांची रांग सकाळपासून हलली नव्हती. माझ्या पुढचा माणूस मात्र एका जागी ठरत नव्हता. आभाळ दाटलं की ट्रॉलीवर ताडपत्री ओढायचा, ऊन पडलं की आतला कापूस तापेल म्हणून ती काढायचा. मधल्या वेळात ट्रॉलीच्या मागच्या फळीला, फाळक्याला, चार बोटांनी लटकायचा. चाळिशी उलटलेला माणूस, आणि पाय हवेत!

न राहवून मी विचारलं, तर त्यानं मोबाइल पुढे केला. स्पेनमधल्या एका कड्याचं हवामान होतं.

"पुण्याच्या दोस्तासंगं हा कडा चढायला जायचंय, त्याच्यासाठीच बोटं तयार करायलोय. काल तिकडं कोरडं दाखवायलं, आज पाऊस. खडक वल्ला असला की हात टिकत न्हाई. आन् तिकडं कोरडं झालं, तर इकडं हा माल पडून हाय. तिकीट कवा काढू?"

"पुढच्या हिवाळ्यात जा की भाऊ. कडा कुठं पळून चाललाय?"

"समदे हेच म्हणायलेत," तो बोटं चोळत म्हणाला. "कडा ऱ्हाईल हो तिथंच. माझी बोटं अशी ऱ्हातेल का?"

तेवढ्यात थेंब आले आणि तो ताडपत्रीकडे धावला. मग त्याचा नंबर लागला, ट्रॉली फाटकाआड गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी इकडेतिकडे पाहिलं, माझ्या ट्रॉलीच्या फाळक्यात बोटं अडकवली आणि पाय उचलले. रांग पुढे सरकली होती. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, तरी मला फाळका सोडवेना.