चिमटीच्या मापाची सायकल

माहेरी तिचं नाव पडलं चिमटी, आणि ती सासरी पोचायच्या आधी ते नाव तिथं जाऊन बसलं होतं. उंची चार फूट आठ इंच, तीही सकाळची. दिवसभर मशीनवर वाकून संध्याकाळपर्यंत अर्धा इंच झिजते, असं नवरा म्हणायचा. नवरा सहा फुटांच्या वर. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिने त्याला खांब म्हणायला सुरुवात केली, ते बावीस वर्षं चाललं होतं. दोघं रस्त्याने निघाली की लांबून बघणाऱ्याला वाटे, खांबाला कुणी पिशवी अडकवून ठेवलीय.

बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत तिचं दुकान. येणाऱ्याला वाकून आत यावं लागे, तिला तेवढं लागत नसे. नवे कपडे ती क्वचित शिवायची. तिचा धंदा अल्टरचा. लग्नानंतर सुटलेल्या कमरा, आजारपणात उतरलेली अंगं, थोरल्याचे धाकट्याकडे आलेले कोट, असं सगळं तिच्याकडे यायचं आणि मापात होऊन परत जायचं. गिऱ्हाईक आत शिरलं की चेहऱ्याआधी तिची नजर त्याच्या खांद्यावरच्या शिवणीवर जायची. वाईट खोड होती, पण पोट त्याच खोडीवर चालत होतं.

वर्षातून एकदा, धंदा मंदावला की, दुकानाला आठ-दहा दिवस कुलूप. खांब छापखान्यातून रजा काढायचा आणि दोघं सायकली घेऊन निघायची. मागे दोन-दोन पिशव्या, एक बदलायचा जोड, पंक्चरचं सामान. कुठं जायचं याला फारसं महत्त्व नसे. रोज पन्नास-साठ किलोमीटर कापायचे, जिथं संध्याकाळ होईल तिथं खोली बघायची आणि आंघोळ करून मेल्यासारखं झोपायचं. चिमटीला वर्षातले हे आठ दिवस माहेरासारखे वाटायचे. माहेरी तरी भावजय होती. इथं तीही नव्हती.

घोडं अडायचं ते सायकलीपाशी. तिने जन्मात एकही सायकल आपल्या मापाची चालवली नव्हती. लहानपणी वडिलांची, आडव्या दांडीखालून पाय घालून. मग बायकांची म्हणून विकतात ती. म्हणजे पुरुषांचीच, फक्त दांडी काढून टाकलेली आणि वर टोपली लावलेली. आताची लांब पल्ल्याची सायकल गिअरवाली होती, चांगली होती, पण होती कुणा धडधाकट माणसासाठी. सीट खाली नेता येईल तितकी नेली. तरी पाय पुरेनात म्हणून पायडलला लाकडी ठोकळे बांधले. सीट पुढे सरकवली तर गुडघे बोंबलायला लागले. हँडलपर्यंत पोचायचं तर तिला अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखं ताणून घ्यावं लागायचं. सगळं वजन तळहातांवर.

त्या वर्षी परत आल्यावर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुकं झालं. आठवडा गेला, महिना गेला, बोटं बोलेनात. कात्री धरली की खालच्या कडीत बोटं आहेत की नाहीत ते बघावं लागे. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा पाय तिने बोटभर जास्त कापला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणाचं कापड तिच्या हातून वाया गेलं. डॉक्टरने हात उलटासुलटा करून पाहिला, कोपरावर टिचक्या मारल्या आणि विचारलं, या हातांवर भार कशाने पडतो? तिने खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाला, मग सोपं आहे, सायकल सोडा नाहीतर कात्री सोडा. नस अजून मेलेली नाही, पण पुढच्या वेळी मरेल.

घरी आल्यावर खांब म्हणाला, आपण आगगाडीने फिरू. त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं, तरी चिमटी त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.

मग तिने शोध घेतला. भंगारवाल्यांची दुकानं पालथी घातली, जाहिराती पाहिल्या, शंभर जणांना फोन केले. ठरलेलं उत्तर यायचं. लहान हवी ना, मग मुलांची घ्या की. मुलांच्या सायकलीला ना गिअर, ना मागे ओझं घ्यायची ताकद. एक जुनी बरी दिसली म्हणून बघायला गेली, तर वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकालाच आपटला आणि ती विकणाऱ्याच्या अंगावर जाऊन पडली. सायकल त्याने उचलली, ही आपली आपणच उठली.

तेवढ्यात एका दुपारी एक बाई थोरल्या दिराचा कोट घेऊन आल्या. धाकटा दीर अंगाने निम्मा, त्याला तो बसवून द्यायचा होता. चिमटी सवयीने सांगू लागली, "कंबर आत घेता येते. बाही आखूड होते. पण खांदा कापून लहान करता येत नाही, वहिनी. मोठ्या खांद्याचा कोट सगळीकडून आवळला तरी तो थोरल्याचाच राहतो."

बोलून झाल्यावर ती तशीच बसून राहिली. वहिनींना वाटलं, हिला काही झालं की काय. झालं होतं ते एवढंच, की इतकी वर्षं दुसऱ्यांना जे सांगत आली, ते तिने सायकलीच्या बाबतीत स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. सीट खाली घेणं म्हणजे बाही आखूड करणं. ठोकळे बांधणं म्हणजे कंबर आवळणं. सायकलीचा खांदा म्हणजे ती सीटपासून हँडलपर्यंतची लांबी, आणि तिला कुणी हातच लावला नव्हता. सगळे आपले उंची बघत होते.

संध्याकाळी तिने खांबाकडून स्वतःचं माप घेववलं. पाय, धड, हात, खांदा ते मनगट. खांब टेप उलटा धरायचा, आकडे विसरायचा, पण शेवटी कागद तयार झाला आणि तो घेऊन ती मिस्त्रीकडे गेली.

मिस्त्री तिच्या सायकली वीस वर्षं दुरुस्त करत आला होता. त्याने तेलकट हातांनी कागद लांब धरून वाचला. "ताई, सायकल दुरुस्तीला आणलीय की शिवायला टाकताय?"

ती म्हणाली, हसा, पण चाकाची उंची बघू नका, ही आडव्या दांडीची लांबी बघा. मिस्त्रीने दोन हातांमध्ये ती लांबी हवेत धरली आणि त्याचं हसणं ओसरलं. इतक्या आखूड दांडीची लांब पल्ल्याची सायकल त्याच्या हातून आयुष्यात एकदाच गेली होती. जुन्या काळी एका कारागिराने मागणीवरून बांधलेली, चाकंसुद्धा दोन बोटं लहान घेतलेली, म्हणजे चवडा घासायला नको. मालक म्हणजे निवृत्त मोजणीदार. जमिनी मोजत उभा मुलूख त्याने त्या सायकलीवरून पालथा घातला होता. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला होता आणि सायकल भिंतीला टांगलेली होती.

"पण एक ध्यानात ठेवा," मिस्त्री म्हणाला. "तिला लहान म्हणायचं नाही. मागं एक जण नातवासाठी मागायला गेला होता. मोजणीदार काठी घेऊन फाटकापर्यंत आले होते मागे."

रविवारी दोघं गेली. दार उघडलं आणि चिमटीच्या डोळ्यासमोर थेट डोळे आले. ना वर बघायचं, ना खाली. शाळा सुटल्यापासून कुणाशी असं समोरासमोर बघून बोलायची तिला सवयच राहिली नव्हती. मोजणीदारांनी तिला आत घेतलं. खांब चौकटीखाली वाकून मागोमाग आला, तसं ते म्हणाले, "तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. तुमच्यामुळे खोलीत उजेड येत नाही."

मागच्या खोलीत भिंतीवर सायकल होती. वर जुनी चादर. चादर काढली तेव्हा चिमटीने आधी रंग पाहिला नाही, हँडलचा मेंढ्याच्या शिंगासारखा बाक पाहिला नाही. तिची नजर दांडीवर गेली. टेप पिशवीत होता, पण तो लागणार नव्हता. पंचवीस वर्षं नजर मापात मुरलेली होती. हीच ती, हे तिला कळलं.

मोजणीदार तिला एकेक दाखवू लागले. नळ्यांच्या जोडावरचं बारीक कोरीव काम, मागचं चाक जरा लांब धरलेलं म्हणजे पिशव्यांना टाच लागत नाही, तीन दिवसांचं ओझं घेईल असं कॅरिअर. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, हीच का हवी. चिमटी म्हणाली, माझ्या मापाची हवी म्हणून. म्हणजे लहान, असं ते म्हणाले. ती म्हणाली, मला बरोबर आली तर ती बरोबर मापाची, लहान कशी. मोजणीदारांना हे आवडलेलं दिसलं. सायकल उतरवायला त्यांचा हात हुकाकडे गेला.

आणि खिडकीतून खांबाने डोकं घातलं. "अरे वा, किती छोटीशी आहे! छान आहे."

मोजणीदारांनी हात मागे घेतला. काही न बोलता चादर पुन्हा वर टाकली, चारी टोकं नीट ओढली आणि म्हणाले, विकायची नाही. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला.

चिमटीला नवऱ्याचा इतका राग बावीस वर्षांत आला नव्हता. पण राग काढायला घर होतं, आणि सायकल इथंच होती. ती जागची हलली नाही. तिने उजवा हात पुढे केला आणि मोजणीदारांना सगळं सांगितलं. ही दोन बोटं. डॉक्टर काय म्हणाला. कापलेली पँट. ते ऐकत होते, पण चेहरा बंद होता. तेव्हा तिची ती वाईट खोड जागी झाली.

"काका, रागावू नका. तुमच्या शर्टाचा खांदा चार बोटं खाली उतरलाय. बाह्या दोनदा दुमडल्यात."

"तयार मिळतात तसे घालतो," ते तुटकपणे म्हणाले.

"जन्मभर?"

त्यांनी सुटलेली बाही पुन्हा दुमडली.

"मीपण सायकली तशाच घातल्या," चिमटी म्हणाली. "दुमडून."

बाहेर बाकाचा करकर आवाज आला, बहुतेक खांब खिडकीपासून आणखी लांब सरकत होता. मग मोजणीदारांनी स्वतःच्या खांद्यावरून खाली ओघळलेली शिवण दोन बोटांनी वर उचलली आणि सोडून दिली. "मी बुटका नाही," ते म्हणाले. "नंतर माणसं उंच व्हायला लागली." आणि चादर काढली.

टायर वाळून गेले होते, तरी हवा भरून ती गल्लीत एक चक्कर मारून आली. टेकायला दोन्ही पाय जमिनीला पुरले. हात हँडलवर पडले, ताणले गेले नाहीत. कोपरं किंचित वाकलेली राहिली, कोपरांनी राहावं तशी. एक चक्कर म्हणून गेली ती गल्ली संपवून पलीकडच्या रस्त्याला लागली. परत आली तेव्हा मोजणीदार फाटकाशी उभे होते आणि खांब त्यांच्या शेजारी पायरीवर बसला होता. खांब बसल्यावर दोघं एका उंचीचे झाले होते आणि बोलत होते. किंमत दोघांनाही पटेल अशी ठरली, आणि ठरवताना कुणी कुणाचा अपमान केला नाही.

मिस्त्रीने पुढचा महिना त्या सायकलीत घातला. त्या मापाचे टायर मिळता मिळेनात, ते त्याने कुठून कुठून निरोप पाठवून मागवले. ब्रेकच्या तारा नव्या, सीट नवी, चेन नवी. सांगाडा मात्र त्याने फक्त पुसला. जुन्या सायकलीचे ठोकळे चिमटीने चुलाण्यात घातले आणि त्यावर तापलेल्या पाण्याने न्हाली.

पुढच्या रजेत ती दोघं नऊ दिवस गेली, मोजणीदार नोकरीत सायकलवरून जायचे त्या घाटातून. परतल्यावरच्या रविवारी पुन्हा त्यांच्याकडे. तिने दोन शर्ट शिवून नेले होते, कोऱ्या कापडातून बेतलेले. त्यांनी आत जाऊन एक घातला, आरशासमोर बराच वेळ काढला आणि बाहेर येऊन म्हणाले, कापड बरं आहे.

आभार कसे मानायचे हे चिमटीला कळत नव्हतं, म्हणून तिने प्रवास सांगितला. पहिल्या दिवशी वारा समोरून कसा होता, कुठल्या गावात खोली मिळाली नाही, कुठल्या पुलाचा कठडा गेलाय. मोजणीदार मधे मधे दुरुस्त करत होते. तो पूल नव्हे, पाणी वरून जाणारी फरशी. ते गाव डाव्या हाताला. त्यांनी बोटांचं विचारलं. ती म्हणाली, पहिले तीन दिवस सारखी तपासत होते. चौथ्या दिवशी रात्री झोपताना लक्षात आलं, आज सबंध दिवस बोटांची आठवणच झाली नाही. मोजणीदारांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत चहाचा घोट घेतला.

"घाटातलं ते तिसरं वळण," मग ते म्हणाले, आवाज जरा खाली घेऊन. "उभं अंगावर येतं ते. सगळ्यांना सांगत आलोय की मी तिथं कधी उतरलो नाही. दर वेळी उतरायचो. ढकलत न्यायचो. तुम्ही काय केलंत?"

चिमटी त्या वळणावर उतरली नव्हती. सगळ्यात खालच्या गिअरवर, दात ओठ खात, ती वरपर्यंत चढली होती आणि वर जाऊन इतकी जोरात ओरडली होती की खालून सायकल ढकलत येणारा खांब घाबरून थांबला होता.

"मीपण उतरले, काका," ती म्हणाली. "तिथं कोण चढणार."

खांबाने बशीतून डोकं वर काढून तिच्याकडे पाहिलं. या खेपेला तो काही बोलला नाही.