बोटीचं दावं

भूतखेत, करणी, नजर... यातलं काहीच मी मानत नाही. मिरचीची पानं आकसली की आई बांधावर काळी हंडी टांगते आणि मी फवारणीचा पंप पाठीवर घेतो. आमचं ठरलेलं भांडण आहे ते. तरी हे लिहितोय, कारण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

आम्ही कारंजा तालुक्यातले, भाजीपाल्यावर जगणारे. घर तलावाच्या अलीकडे, मळा पलीकडे. रस्त्यानं फेरा घालून बाजारात पोचेपर्यंत सांबार, म्हणजे कोथिंबीर, मान टाकतो. म्हणून यंदा सेकंडहँड पॉन्टून बोट घेतली : खाली दोन लांब पोकळ टाक्या, वर सपाट फलाट, कडेनं कठडा, मागे छोटं इंजिन. आमच्या खानदानातली पहिली बोट! दोन दिवस मी गावात उगाच छाती काढून फिरत होतो.

विकणारी पार्वताबाई, तलावाच्या वरच्या टोकाला राहणारी. तिचा नवरा लोकांना बोटीतून फिरवायचा. तो वारला म्हणून बोट विकायला काढली. सौदा झाल्यावर मीच तिच्या काठावरच्या खुंट्याचा दोर सोडला, गुंडाळून बोटीत टाकला. ती दोराकडे पाहत राहिली.

घरी आईनं नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि तिची नजर दोरावर गेली.

"हे दावं काहून आणलं रे? जनावर इकलं तरी दावं धनी आपल्या घरी ठेवते. लोकाच्या घरची बरकत उचलून आणली तू!"

"आई, बोट हाय ते. म्हैस नोहे."

"तुले कायचंच समजत नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात इंजिन बिघडलं. ते काढून मी मेकॅनिककडे दिलं. बोट त्याच दोरानं काठावरच्या बाभळीला बांधलेली. भरदुपारी माझी बायको शोभा फलाटावर रिकामे क्रेट धूत होती. मी चार पावलं वर, पाइप जोडत होतो. तिची हाक आली...

"ओ! बोट चालली ना!"

वळून पाहिलं तर मध्ये बरंच पाणी. इंजिन नाही, वल्हं काठावर, आणि वारा समोरून आमच्याकडे येणारा. तरी बोट वाऱ्याच्या तोंडावर चाललेली. दोर बाभळीपासून सुटून बोटीच्या पुढे पाण्यावर सरळ ताणलेला, गाय धरून नेताना असतो ना, तसा. पण पुढे धरणारं कुणी नाही.

शोभाला पोहता येत नाही. मी पाण्यात उडी टाकली, पण अंतर वाढतच गेलं. शेवटी परत फिरलो, ओल्या कपड्यांनिशी गाडी काढली आणि काठाकाठानं सुटलो. झाडांच्या आड बोट दिसेनाशी झाली की मी गाडीचा वेग आणखी वाढवायचो. एवढा भ्यालो नव्हतो कधी.

वरच्या टोकाला पोचलो तर बोट जुन्या खुंट्याला टेकलेली. शोभा काठावर बसली होती, पार्वताबाई तिची पाठ चोळत होती.

"म्या काईच नाही केलं," शोभा म्हणाली. "नुसती कठडा धरून बसली होती. अल्लग लागली काठाले, धक्काबी नाही बसला."

पार्वताबाईनं माझ्याकडे हात पुढे केला. "दोर देऊन द्या, भाऊ. त्या दिवशी बोलायची हिंमत नाही झाली."

मी दोर बोटीपासून सोडून तिच्या हातात दिला. इंजिन दुरुस्त झाल्यावर बोट घरी आणली, नवीन दोर घेतला, साखळीही लावली. तेव्हापासून बोट आपली आपण जागची हललेली नाही.

भाचा म्हणतो, पाण्याखाली प्रवाह असेल. असेल बाबा. पण प्रवाहानं दोर बोटीच्या पुढे कसा ताणला जाईल? मी विकून टाकू म्हटलं, तर शोभा भडकली. "काई इकत नाही. सांबार काय डोक्यावर नेता?"

म्हणून रोज बोट काढतो. फक्त शोभाला आता एकटीला चढू देत नाही. ती पाय उचलायच्या आत मी फलाटावर असतो. न्यायचंच असेल, तर दोघांना ने म्हणावं.