शेजाऱ्यांच्या वऱ्हाडातून मुंबई

आम्हाला मुंबई दाखवायची असं वडिलांच्या मनात फार होतं. ते रत्नागिरीत शाळामास्तर. वर्गात बोरीबंदरचं असं वर्णन करायचे की मुलांना वाटे, मास्तर दर महिन्याला तिकडे जाऊन येतात. प्रत्यक्षात ते एकदाच गेले होते, तेही लग्नाआधी. आई, मी आणि धाकटा भाऊ, आम्ही कोणी संगमेश्वरापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. दर उन्हाळ्यात बेत व्हायचा. आगबोटीचं भाडं, उतरायचं कुठे, चौघांनी जेवायचं कुठे, इथपर्यंत बोलणं आलं की वडील वह्या तपासायला घ्यायचे.

एका वर्षी शेजारच्यांच्या मुलाचं लग्न मुंबईच्या मुलीशी ठरलं. लग्न मुलीकडे, गिरगावात, वैशाखात. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक चिऱ्यांचा गडगा. त्या गडग्यापलीकडून शेजारचे काका वडिलांना म्हणाले, "मास्तर, चला की वऱ्हाडात!"

तसं ते वाटेनं जाणाऱ्या कुणालाही म्हणत होते. वडील मात्र हरखून घरात आले.

"अगो, ऐकलंस? मुंबईचं जमलं. वऱ्हाडाबरोबर जायचं. बोटीचं भाडं त्यांचं, राहायला जानोसा, जेवायला लग्नघर. लग्न आटोपलं की दोन दिवस मागे राहून ट्रामनं मुंबई बघायची. खर्च काय तो ट्रामचा."

आई तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं. "बोलावणं तुम्हाला आहे. त्यासाठी सगळं घर घेऊन कोण जातं?"

"ते 'चला' म्हणाले. चला म्हणजे अनेकवचन."

आदरार्थी बहुवचन त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. पण मला तेरावं सरलेलं, आणि मुंबई बघायची होती. तेवढ्यापुरतं मी ते व्याकरण विसरले. आईचं सूप पुन्हा हलू लागलं.

बंदरावर आम्ही चौघं ट्रंक घेऊन उभे दिसलो तेव्हा शेजारच्या काकूंचा चेहरा क्षणभर कोरा झाला. "अगोबाई, सगळीच निघालात?" त्या म्हणाल्या. आई "मुलांना जरा..." म्हणाली आणि ट्रंकेची कडी चाचपू लागली. पडावातून आगबोटीवर चढलो. आई वऱ्हाडापासून लांब, पोत्यांच्या आडोशाला जाऊन बसली. लाडू वाटायला लागले तसे वडील आम्हाला वऱ्हाडाजवळ घेऊन गेले. जाता जाता त्यांनी सांगून ठेवलं, "कुणी विचारलं तर नवरदेव आमचा चुलतदादा म्हणायचं. शेजारी तरी निराळे काय असतात?"

गिरगावातल्या चाळीत वऱ्हाडासाठी दोन बिऱ्हाडांनी आपल्या खोल्या मोकळ्या केल्या होत्या. ती माणसं आपल्या वळकट्या घेऊन गॅलरीत निजायला गेली. नवरीची आत्या पाणी घेऊन आली. सडसडीत, हसऱ्या चेहऱ्याची बाई. तिनं मला विचारलं, "तू कोण गं नवरदेवाची?"

"चुलतबहीण."

"असं का? मग तुझ्या आईचा मान मोठा," असं म्हणून तिनं माझी हनुवटी धरली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि पंगत बसली. मी पाणी प्यायला मांडवामागे गेले होते. तिथे नवरीचे वडील हात जोडून शेजारच्या काकांशी बोलत होते.

"बोलणी झाली त्यापेक्षा माणसं जास्त आलीत. माझी तक्रार नाही. ठरल्याप्रमाणे बोटीच्या तिकिटांचे पैसे मी भरले, जास्तीच्या माणसांचेही आनंदानं भरले. पण रात्रीची पंगत जरा साधी झाली तर राग मानू नका."

शेजारच्या काकांनी पंगतीकडे पाहिलं. माझे वडील तिथे आग्रहाची जिलबी वाढून घेत होते. काका हळूच म्हणाले, "शेजारी आहेत आमचे. सगळेच निघतील असं आम्हाला तरी कुठे ठाऊक?"

माझे कान तापले. बोटीचं भाडं शेजारच्यांनी नव्हे, या अनोळखी माणसानं भरलं होतं. आईला सांगायला मी धावत आत गेले, पण तिथे वरपक्षाच्या बायकांचा मानपान चालला होता, आणि आत्याबाईंनी आईच्या मांडीवर एक हिरवं लुगडं ठेवलेलं होतं.

"हे कसलं?" आई विचारत होती.

"चुलत सासूबाईंचा मान. तुमच्या लेकीनंच सांगितलं की नातं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि लुगडं परातीत परत ठेवलं. "चूक झाली हो. आम्ही चुलते नव्हे. आम्ही शेजारी."

शेजारच्या काकू आपल्या बांगड्या मागे-पुढे करत राहिल्या. कोपऱ्यात कुणीतरी हसलं. आत्याबाईच ओशाळल्या. "राहू दे हो, शेजारी म्हणजे घरचेच," असं म्हणत त्या लुगडं पुन्हा पुढे करू लागल्या. आई "नको" म्हणाली, पदर खोचला आणि सरळ मुलीकडच्या स्वयंपाकघरात गेली. नवरीची आई तिथे भांड्यांच्या ढिगाऱ्यात बसली होती. तिच्याशेजारी बसून आई नारळ खवायला लागली. वरपक्षाच्या पंगतीत ती बसलीच नाही.

संध्याकाळी गॅलरीत तिनं वडिलांना गाठलं. "उद्याच्या बोटीनं परत जायचं. तिकिटं आपली आपण काढायची."

"म्हणजे ट्रामसाठी ठेवलेत त्यातून?"

"त्यातूनच."

"अगो, पण मुलांनी राणीचा बाग तरी..."

"मुलांनी पुष्कळ पाहिलं," आई म्हणाली.

चाळीपासून धक्क्यापर्यंत गाठोडी घेऊन आम्ही चालत गेलो. मुंबई पाहिली ती एवढीच. भाऊ ट्रामकडे बघून रडत होता. मला मान वर करून बघवत नव्हतं.

नवी नवरी आता गडग्यापलीकडेच राहायला आली. आईनं त्या बाजूला वाळवणं घालणं बंद केलं. पण एका दुपारी ती मुलगीच गडग्याशी येऊन उभी राहिली.

"काकू, तुम्हीच ना त्या? आमच्या बाजूनं राबलात त्या? आईनं सांगितलंय, शेजारीच तुझं माहेर आहे, काही लागलं तर त्यांच्याकडे जा."

आईनं पाट मांडला. मुलगी आमच्या पडवीत येऊन बसली आणि घरच्या गोष्टी सांगू लागली. लग्नाच्या रात्री वऱ्हाड जेवून उठल्यावर काही उरलं नव्हतं, म्हणून तिच्या वडिलांनी आणि भावांनी गच्चीत बसून चहा-चुरमुऱ्यांवर भागवलं होतं. "मला कुणी कळू दिलं नाही. पाठवणीच्या वेळी धाकट्यानं फोडलं," असं म्हणून ती हसली. वडील ओटीवर वह्या तपासत होते. ते उठले, पायांत काही न घालता बाहेर पडले, आणि दिवेलागणीनंतर परतले.

पुढे ती रोज येऊ लागली. ती आली की वडील ओटीवरून उठून आत जात. मास्तर कडक आहेत, असं तिला वाटे.

बऱ्याच वर्षांनी तिचे आईवडील नातवंडांना भेटायला रत्नागिरीस आले. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. आईनं त्यांना जेवायला बोलावलं. कधी पाण्याचा तांब्या न उचलणारे आमचे वडील त्या दिवशी स्वतः वाढायला उभे राहिले. वरणावर तूप वाढून घेताना तिचे वडील म्हणाले, "मास्तर, त्या वेळी तुम्ही फार लवकर परतलात. मुंबई बघायची राहिलीच असेल. आता सगळेच या ना एकदा, आमच्याकडेच उतरा."

बोलण्यात कुठे टोमणा नव्हता. वडील "येऊ हं" म्हणाले आणि तूप घेऊन पुढच्या पानाकडे वळले.

जेवणं झाल्यावर न्हाणीपाशी पाहुण्यांच्या हातावर वडीलच पाणी घालत होते. "तेव्हाची आमची बोटीची तिकिटं..." एवढं म्हणून ते थांबले.

"कसली तिकिटं?" पाहुण्यांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं, की आठवू द्यायचं नव्हतं, मला कळलं नाही. वडिलांनी तांब्या खाली ठेवला आणि ते मागल्या दारानं निघून गेले. पाहुणे ओले हात घेऊन तसेच उभे. शेवटी पंचा मीच नेऊन दिला.