सिग्नल अण्णा

रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी वळण्याआधी अण्णांचा हात जीपच्या बाहेर जायचा. उगीच कोपरातून हलवल्यासारखा नव्हे. खांद्यापासून सरळ, ताठ, बोटं जुळवलेली. हेब्बाळच्या तळ्याकडे जाणारा रस्ता त्या काळी सकाळी इतका रिकामा असे की मैलभरात एखादी बैलगाडी दिसली तर दिसली. तिथंही हात बाहेर. मी एकदा विचारलं, "अण्णा, मागं कुणीच नाही. दाखवताय कुणाला?"

"कुणी नाही ते मला काय ठाऊक, साहेब? मी तर पुढं बघतोय की."

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी सांगलीहून इंजिनिअर होऊन बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात नुकताच लागलो होतो. नोकरी कायम व्हायची होती. अण्णा कारखान्याची जीप चालवत. मूळचे निपाणीकडचे, वयानं माझ्या वडिलांहून थोडे लहान. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि माझ्याशी बोलताना दोन्ही एकाच वाक्यात. त्या परक्या गावात मराठी बोलणारं माणूस मिळालं म्हणून मी जीपमध्ये मागं न बसता त्यांच्या शेजारी बसे. कारखान्यात सगळे त्यांना थट्टेनं सिग्नल अण्णा म्हणत. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच काळवंडला होता, कारण अर्धा दिवस तो उन्हातच असायचा. संध्याकाळी दिवेलागण झाली की मनगटाला पांढरा रुमाल बांधत, अंधारात हात दिसावा म्हणून.

त्या हाताला सगळं बोलता येई. वळतो, थांबतो, हळू होतो, तुम्ही या पुढं. चढावर घोड्याचा जटका, म्हणजे टांगा, दमून चालला असेल तर अण्णा जीप बाजूला घेऊन थांबत आणि जटकेवाल्याला हातानंच "या" म्हणत. कुणी आपल्याला वाट दिली तर हात वर करून त्याचे आभार मानत. "आपल्या मनात काय आलंय ते मागच्याला कसं कळणार?" असं त्यांचं म्हणणं. "तोंडानं सांगितलं तर ऐकू जात नाही. मग हातानं सांगायला नको?"

न सांगता वळणाऱ्यांचा मात्र त्यांना भारी त्रास होई. शिवी देत नसत, हॉर्नही वाजवत नसत. "अय्यो" एवढंच म्हणत आणि पुढचा फर्लांगभर गप्प राहत. पण एकदा मल्लेश्वरममध्ये एका मोठ्या काळ्या मोटारीनं हात न दाखवता आमच्या अंगावरच वळण घेतलं. अण्णांनी कचकन ब्रेक लावला, माझं कपाळ काचेला लागलं. मोटार जवळच्याच एका बंगल्यात शिरली. अण्णांनी जीप त्या फाटकाशी उभी केली, उतरले, मोटारीतून उतरणाऱ्या गृहस्थांना नमस्कार केला आणि शांतपणे कन्नडमध्ये विचारलं, "स्वामी, आपण वळणार होता हे आपल्याला आधी ठाऊक होतं ना? मग आम्हाला का नाही सांगितलं?"

गृहस्थ कुणी नामांकित वकील निघाले. ते संतापून माझ्याकडे वळले. "हा तुमचा ड्रायव्हर? तुमचे वरिष्ठ कोण?" मी घाईघाईनं खाली उतरलो आणि अण्णांच्या वतीनं त्यांची माफी मागितली. एकदा नव्हे, दोनदा.

परतताना पहिल्या वळणाला अण्णांनी हात दाखवला. मग म्हणाले, "साहेब, चुकलं कुणाचं?"

"त्यांचंच."

"मग माफी?"

मी कपाळावरचं टेंगूळ चोळत राहिलो. अण्णांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. पुढं मीच त्यांना गाडी शिकवायची गळ घातली, तेव्हा आनंदानं शिकवली. परवानगी काढून कारखान्यामागच्या मैदानावर आम्ही रविवारी सकाळी जात असू. पहिले दोन रविवार जीप जागची हललीच नाही. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून नुसते हात दाखवायचे आणि अण्णांनी मागं वीस पावलांवर उभं राहून मी काय सांगतोय ते ओळखायचं. "स्वल्प अजून बाहेर. लाजताय काय, साहेब? हात हाय, चोरी नव्हं."

गाडी चालवता येऊ लागली, आणि वर्षभरात मी स्कूटर घेतली. स्कूटरवर उजव्या मुठीत वेग असतो, डाव्या मुठीत क्लच. हात दाखवायचा तर वेग सोडावा लागतो. सुरुवातीला मी सोडत असे. मग कंटाळा येऊ लागला. सगळेच तसे चालवतात, असं मनाशी म्हणू लागलो. अण्णांनी एकदा कारखान्याच्या फाटकाशी मला तसं वळताना पाहिलं आणि फक्त स्वतःचा हात लांब करून दाखवला. मी हसून मान डोलावली.

त्या दिवशी सकाळी मला उशीर झाला होता. भोंगा व्हायला दोन-तीन मिनिटं होती. फाटक डाव्या हाताला. पुढं अण्णा सायकलवरून कामावर येत होते, रस्त्याच्या कडेनं, सरळ. मी त्यांना उजवीकडून मागं टाकलं आणि तसाच, हात न दाखवता, वेग कमी न करता त्यांच्या पुढ्यातून डावीकडे वळलो. मागं सायकल आपटल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर अण्णा रस्त्यावर पडले होते आणि उजवा हात अंगाखाली दुमडला होता.

फाटकावरचा रखवालदार धावला. तो फाटक उघडण्यात गुंतला होता, त्यानं फक्त पडलेले अण्णा पाहिले. आम्ही दोघांनी त्यांना उचलून कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. कोपर मोडलं होतं. अण्णांचा चेहरा वेदनेनं पांढरा पडला होता, तरी मला म्हणाले, "साहेब, तुम्हाला तर लागलं नाही?"

अपघात फाटकात झालेला, म्हणून त्याचा छापील कागद भरावा लागे. हजर असलेल्या अधिकाऱ्यानं तो भरायचा आणि जखमीची सही घ्यायची. हजर अधिकारी मी. माझी नोकरी कायम होण्याचा हुकूम त्याच महिन्यात निघायचा होता. टेबलाशी बसलो तेव्हा खरं लिहायचं असंच मनात होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण लेखणी उचलली आणि इंग्रजीत लिहिलं की सायकलस्वार लक्ष न देता वेगानं येत होता, वळणाऱ्या स्कूटरकडे त्यानं पाहिलं नाही आणि स्वतःच्या निष्काळजीपणामुळे तो पडला.

तो कागद घेऊन मी अण्णांच्या खाटेशी गेलो. त्यांना मराठी, कन्नड वाचता येई, इंग्रजी नाही. हाताला प्लास्टर होतं. ते म्हणाले, "काय लिहिलंय ते वाचून दावा की."

मी कागद डोळ्यांपुढं धरला आणि वाचायला लागलो. मराठीत, सावकाश. स्कूटरस्वारानं सायकलीला मागं टाकून हात न दाखवता वळण घेतलं, त्यामुळे सायकलस्वार पडला, चूक स्कूटरस्वाराची. कागदावर नसलेलं एकेक वाक्य मी न अडखळता वाचलं. शेवटी माझं नावसुद्धा वाचलं. कागदावर खरोखर तेवढंच होतं.

अण्णांचे डोळे भरून आले. "सरी, बरोबर," ते म्हणाले. "साहेब, स्वतःच्या हातानं स्वतःची चूक लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला." आणि डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली.

पाच महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं. कोपर थोडं आखडलेलं होतं, इतकंच. पण वाहन विभागाच्या साहेबांनी जुना कागद काढला. मी त्यांच्याच खोलीत दुसऱ्या कामासाठी बसलो होतो. "फाटकात सायकल नीट चालवता येत नाही त्याच्या हातात जीप कशी द्यायची?" ते मला म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय ना हे?" मी "हो" म्हणालो. त्याच वेळी बाकीचं सांगता आलं असतं. मी माझं काम उरकून बाहेर आलो. अण्णांना टायरच्या गोदामात बसवलं. हात आखडल्यामुळेच गाडी गेली, अशी त्यांची समजूत झाली, आणि ती मी होऊ दिली.

माझी नोकरी कायम झाली, पुढं बढतीही मिळाली. गोदामात टायर न्यायला येणाऱ्या नव्या ड्रायव्हरांना अण्णा हात कसा दाखवायचा ते शिकवत, आखडलेल्या हातानं जमेल तसं. आणि शेवटी माझी गोष्ट सांगत. साहेब असून चूक केली आणि लिहून दिली, माणसानं असं असावं. ते ड्रायव्हर मला वाटेत भेटले की इतर साहेबांना करत त्यापेक्षा वेगळा, मनापासून नमस्कार करत. मी दुसऱ्या वाटेनं जाऊ लागलो. गोदामाकडे जायचं काम निघालं तर दुसऱ्याला पाठवू लागलो. अण्णांनी दिवाळीला घरी बोलावलं की काहीतरी निमित्त काढू लागलो. असं आठ वर्षं.

मग माझी उत्तरेकडच्या एका कारखान्यात बदली झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी यशवंतपूरजवळच्या त्यांच्या घरी गेलो. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कॉफी आणून ठेवली. मुलगी सुमती त्या वर्षी कॉलेजात जाऊ लागली होती, ती आत अभ्यास करत होती. मी कॉफीला हात न लावता सगळं सांगितलं. कागदावर काय लिहिलं होतं, मी काय वाचून दाखवलं, वाहन विभागात काय घडलं.

अण्णा ऐकत होते. मग आपल्या आखडलेल्या कोपराकडे पाहून म्हणाले, "म्हणजे जीप ह्याच्यामुळं नाही गेली."

"नाही."

"आठ वर्षं मी ह्या हातावरच राग धरला, साहेब. देवानं दिलेला हात." ते थांबले. "आज का सांगितलंत? उद्या तुम्ही जाणार. मी इथंच आहे. त्या पोरांना इतकी वर्षं सांगत आलो. आता त्यांना काय सांगू?"

मी माफी मागितली. मल्लेश्वरममध्ये न मागण्यासारखी माफी मी किती सहज मागितली होती. इथं एक वाक्य पुरं करायला मला तीनदा सुरुवात करावी लागली. अण्णांनी ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी न प्यालेला पेला उचलून आत नेला. अण्णा उठले, पायात चपला सरकवल्या आणि कोपऱ्यापर्यंत मला पोचवायला आले, कारण घरी आलेल्याला पोचवायचं हा त्यांचा रिवाज होता.

नव्या गावी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मी जुन्या कारखान्याला पत्र लिहिलं. घडलं ते सगळं, माझ्या नावासकट. त्याची नक्कल अण्णांना पाठवली. मला त्याबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या कागदपत्रांत शेवटपर्यंत राहिली. अण्णांच्या नावापुढचा निष्काळजीपणाचा शेरा खोडला गेल्याचं एका मित्रानं कळवलं. जीप काही परत मिळाली नाही. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि आठ वर्षं गाडी न चालवलेल्या माणसाला ती कोण देणार?

दीड महिन्यानं एक कार्ड आलं. अक्षर अण्णांचंच, मराठी. वर नेहमीसारखं "साहेबांना नमस्कार". खाली दोनच ओळी होत्या.

"इंग्रजी पत्राची नक्कल पोचली. या वेळी सुमतीकडून वाचून घेतली. बरोबर आहे."