गोणपाटावरची चिलटं

पीएचडीच्या पाचव्या वर्षी मी गंजाडला घरी आले, ते चिलटांचं चित्रीकरण करायला. आमच्या चिकूच्या वाडीत, हौदाजवळ, संध्याकाळी त्यांचा थवा हवेत एकाच जागी घुमत राहायचा. पुढारी कुणी नाही, तरी थवा फुटत नाही. प्रत्येक चिलट शेजारच्या चार-सहा चिलटांचा अंदाज घेऊन आपली चाल सुधारतं आणि त्या जाळ्यामुळेच थवा टिकतो, असं माझं गणित सांगत होतं. प्रबंध त्यावरच उभा होता.

वाडीत कामाला येणाऱ्या मावशी रोज माझे कॅमेरे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "बाय, हलवू का त्यांना?"

"कशी हलवणार?"

त्यांनी हौदाकाठचं काळं, ओलं गोणपाट दहा पावलं ओढत नेलं. थवा जरा विस्कटला आणि गोणपाटामागोमाग गेला. मावशी हसल्या. मी कॅमेरा तिकडे वळवला.

जमिनीवरची खूण पाहून चिलटं जमतात, हे मी वाचलं होतं. पण ती खूण फक्त जमण्यापुरतीच, असं धरून मी ती गणितातून वगळली होती. पुढचे चार दिवस मी गोणपाट उचलून पाहिलं. दर वेळी थवा विरून गेला. म्हणजे त्याला धरून ठेवत होतं ते गोणपाट, शेजारची चिलटं नव्हेत.

माझ्या गाईड सरांना फोन करून सगळं सांगितलं.

"हे लिहिलंस तर तीन प्रकरणं कोसळतील. प्रबंध आहे तसा दे."

"सर, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग बस आणखी दोन वर्षं. मुदतवाढीला माझ्याकडे येऊ नकोस."

आई रोज विचारायची, "संपत आलं ना गं?" मुलगी डॉक्टर होणार, असं बाबांनी तर गावभर सांगून टाकलं होतं. मी खोलीचं दार लावून बसायचे. लॅपटॉपवर माझ्या गणितातला जुना थवा सुरेख फिरत असायचा, एकदाही न चुकता. तो बघवायचा नाही आणि बंदही करवायचा नाही.

शेवटी मी ती तीन प्रकरणं काढून टाकली, मावशींनी काय दाखवलं ते लिहिलं आणि सरांना पाठवलं. त्याला सात महिने झाले. उत्तर नाही. गाईड बदलायचा तरी त्यांचीच सही लागते. सध्या तलासरीला अकरावीला गणित शिकवते. परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही डॉक्टर ना?"

"अजून नाही," म्हटलं आणि फळ्याकडे वळले.