बायकोपुढं वाकायचं

मी रांजणगावात कंपनीची बस चालवतो. स्वभाव पहिल्यापासून तापट. गाडीला कुणी आडवं आलं की माझी काच खाली आन् आवाज वर. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांत बीपी उतरलं न्हाई तर स्टेअरिंग सोडा." आता स्टेअरिंग सोडून काय भजी तळू?

बायको शुगरसाठी आमच्या तळेगावात शाळेच्या ग्राउंडवर रोज सकाळी कराटेला जायची. तिनं मला ओढतच नेलं. मला वाटलं, विटा फोडायला मिळतील. कसलं काय! महिनाभर नुसतं उभं राहा, श्वास घ्या, सोडा. शिकवणारे सर म्हंजी रिटायर मास्तर. विचारलं तर म्हणाले, "विटेनं तुमचं काय वाकडं केलंय?"

मग जोडीचा सराव आला. तिथला नियम असा, की नव्यानं जुन्याला आधी वाकून नमस्कार करायचा. माझा पट्टा नवख्याचा पांढरा, बायकोचा त्याच्या वरचा पिवळा. सरांनी जोडी लावली नेमकी आमचीच.

"बायकोला वाकू? गावात तोंड कुठं दाखवू?"

"मग सराव न्हाई," सर म्हणाले. मी तरातरा घरी आलो.

चौथ्या दिवशी फाट्यावर एका टेम्पोवाल्याची कॉलर धरली आन् डोळ्यांपुढं अंधारी आली. बसच्या पायरीवरच बसलो. शिफ्टच्या पोरींनी पाणी पाजलं. खोटं कशाला बोलू, लई भ्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बायकोनं माझा कराटेचा ड्रेस इस्त्री करून तिच्या ड्रेसशेजारी खुंटीला लावलेला.

गेलो. कान तापले होते, पण वाकलो. वर बघतो तर ती अजून वाकलेलीच, माझ्यापेक्षा खाली. जुन्यानंबी नव्याला वाकायचं असतं, हे मला ठाऊकच न्हवतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आम्ही समोरासमोर एकमेकांना वाकलो ते तवाच. मी श्वास घ्यायचाच इसरलो. तेवढ्यात तिनं बरगडीत बुक्की हाणली.

"श्वास घ्या, अहो!"

तीन महिने भरले तवा डॉक्टर म्हणाले, "उतरलं की हो! काय केलंत?"

"हिच्यापुढं वाकतोय रोज," मी म्हणालो. डॉक्टर खो खो हसले. ती मात्र पदर डोळ्यांना लावून खिडकीबाहेर बघत बसली.

मला पिवळा पट्टा मिळेस्तोवर तिला पुढचा नारंगी मिळाला. म्हंजी आजबी आधी मीच वाकायचं. वाकतो की! स्टेअरिंग हातात हाय.